पालथं घालून बघा: सुरुवातीच्या अमेरिकेतली काचेची, मातीची आणि धातूची भांडी

शोकेस (धागाकर्ता)

बॉस्टन, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया या पट्ट्यातल्या मराठी मंडळींना शनिवारी सकाळी इस्टेट सेलच्या पाट्या दिसतातच. टेबलावरच्या निम्म्या वस्तूंना 'अर्ली अमेरिकन' अशी चिठ्ठी असते आणि त्यात १८३० सालची खरी बशी, तिची शंभर वर्षांनंतरची नक्कल आणि इंग्लंडहून आलेला माल असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. साधारण १७४० ते १८६० या काळातल्या, वापरायच्या पण देखण्याही भांड्यांबद्दल जाणकारांनी इथे लिहावं. भाव किती, ही चर्चा नको. हातात घेतल्यावर काय बघायचं, वापरात आणता येतं का आणि साफ करताना काय करायचं नाही, एवढंच. काचेपासून सुरुवात करू या.

फुंकणी

सँडविच ग्लास म्हणतात ती नीट कळायची तर ती बनायची कशी ते आधी कळायला हवं.

१८२५ साली पिट्सबर्गच्या जॉन बेकवेलने फर्निचरच्या काचेच्या मुठी साच्यात दाबून काढायचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी डेमिंग जार्व्हिसने मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावात कारखाना टाकला. पुढे त्याचीच 'बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी' झाली आणि ती १८८८ ला बंद पडली. केप कॉडच्या किनाऱ्यावर वाळू फुकट म्हणून कारखाना तिथे निघाला, असं गाइड सांगतात. ते चूक आहे. ती वाळू चांगल्या काचेला चालत नाही; वाळू बाहेरून जहाजाने यायची. तिथे मुबलक होतं ते भट्टीला लागणारं लाकूड.

घाण्याचं जुनं प्रमाण ३:२:१. तीन भाग वाळू, दोन भाग शेंदूर (देवाला लावतात त्याचंच मूळ, शिशाचा तांबडा ऑक्साइड) आणि एक भाग पोटॅश. म्हणून ती काच जड आणि चकचकीत.

दाबकामात एक जण लोखंडी दांड्यावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन साच्यावर धरतो, दुसरा कात्रीने हवा तेवढा तोडतो आणि तरफ ओढून दट्ट्या खाली आणतो. खुबी सगळी त्या तोडण्यात. गोळा कमी पडला तर काठ अपुरा राहतो. जास्त झाला तर दट्ट्या पुरता खाली जात नाही आणि तळ जाड होतो, किंवा साच्याच्या फटीतून पापुद्रा बाहेर येतो. साचा नि दट्ट्या थंड असले की पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. फार तापले की काच लोखंडाला चिकटते. कात्री लागली तिथे गवताच्या काडीसारखी रेघ काचेच्या आत कायमची राहते. हा दोष आहे, तडा नव्हे. नवखा माणूस तडा समजून वस्तू खाली ठेवतो.

या सुरकुत्या लपवायला साच्याची मोकळी जागा बारीक टिंबांनी भरून टाकायचे. प्रकाश त्या टिंबांवर फुटतो आणि काच चांदीच्या जाळीसारखी दिसते. तिलाच 'लेसी' म्हणतात. १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून १८४० च्या दशकापर्यंत तिचा जोर होता. दोष झाकता झाकता नक्षी झाली, आणि मला तरी नंतरच्या गुळगुळीत मालापेक्षा हीच जास्त आवडते.

माजघर

लेसीमध्ये तीन-साडेतीन इंचांच्या इवल्याशा बशा खूप दिसतात. त्या कशासाठी? चटणीला?

फुंकणी

त्या 'कप प्लेट'. हे आपल्याला सांगावं लागू नये. चहा बशीत ओतून, निववून, बशीतूनच प्यायचा. मग रिकामा ओला कप ठेवायचा कुठे? टेबलक्लॉथला डाग पडू नये म्हणून ही छोटी बशी. १८४० च्या निवडणुकीतली राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हॅरिसन याची लाकडी खोपी, बंकर हिलचा स्मारकस्तंभ, गरुड, हृदय, असे शेकडो नमुने आहेत. बशीतून पिणं अशिष्ट ठरलं आणि या बशांचं काम संपलं.

नकलाही यांच्याच सर्वांत जास्त. तीन गोष्टी बघा. एक, काठाचे दाते. जुन्यात एखाददुसरा अपुरा किंवा टवका गेलेला असतोच. सगळे एकसारखे गोलसर असतील तर शंका घ्या. दोन, तळाची झीज. खऱ्या झिजेच्या रेघा लांब-आखूड, वेड्यावाकड्या आणि फक्त टेकणाऱ्या कडेवर असतात. सँडपेपरच्या एका दिशेने जातात. तीन, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विक्रीसाठी करून घेतलेल्या नकलांवर 'एमएमए' ही अक्षरं आहेत. एखाद्या जागी काच विनाकारण घासलेली दिसली तर तिथे काय होतं, याचा विचार करावा.

निरांजन

टिचकी मारून बघायचं राहिलं. वाजली की शिशाची, नाही वाजली की सोड्याची.

फुंकणी

अर्धंच बरोबर. १८६४ मध्ये व्हीलिंगच्या कारखान्यात विल्यम लेटन सीनियरने शिशाऐवजी सोडा बायकार्बोनेट आणि चुना वापरून स्वच्छ, स्वस्त काच काढली. ती हलकी, लवकर घट्ट होणारी आणि वाजवली तर 'टक्' करून थांबणारी. अमेरिकन यादवी युद्धात शिसं महागलेलं, त्यामुळे दाबकाम करणारे बहुतेक कारखाने तिकडे वळले. म्हणून टिचकीची चाचणी १८६४ च्या आधी-नंतरचा अंदाज देते खरी. पण घाट उघडा असेल तरच: पेला, वाडगा. दिव्याची बंद टाकी, मिठाची जाड दाणी किंवा कप प्लेट शिशाची असूनही नीट वाजत नाही. आणि तुम्ही वाजवताना दुसऱ्या हाताने पोट धरलं असेल तर काहीच वाजणार नाही. बुंध्याला दोन बोटांत धरा.

काचबांगडी

थोडी भर. दाबलेली, साच्यात फुंकलेली आणि कापलेली काच यातला फरक डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतो. भांड्याच्या आत बोट फिरवा.

आतून गुळगुळीत, बाहेर नक्षी, नक्षीच्या धारा किंचित गोलसर आणि साच्याच्या सांध्याची उभी रेघ: दाबलेली. दट्ट्या गुळगुळीत असतो, म्हणून आतली बाजू तशी.

बाहेर उंचवटा तिथे आत खळगा: तीन पाकळ्यांच्या साच्यात फुंकलेली, साधारण १८१५ ते १८३५. महागड्या आयरिश कापीव काचेची ही गरिबांसाठीची नक्कल. हवा काचेला साच्यात ढकलते, म्हणून आतलं अंग बाहेरच्या मागोमाग जातं.

आतून गुळगुळीत, धारा बोटाला टोचणाऱ्या आणि सांधा नाही: कापलेली.

फुंकलेल्या भांड्याच्या तळाशी दांडा मोडल्याचा खरखरीत व्रण असतो, तो बहुधा १८५०-६० पर्यंतच्या मालात. दिव्यांची गंमत वेगळी. टाकी फुंकलेली, पाया दाबलेला आणि मध्ये गरम काचेची चकती डिंकासारखी लावून दोन्ही जोडलेले. ती चकती दिसली तर आनंद माना. चकतीच्या जागी प्लास्टर किंवा एपॉक्सी दिसलं तर दोन वेगळ्या दिव्यांचं लग्न लावलेलं आहे.

माजघर

आणि जांभळी काच? 'जितकी जांभळी तितकी जुनी' असं एका दुकानात लिहिलं होतं.

काचबांगडी

वाळूतल्या लोखंडाचा हिरवेपणा मारायला मँगनीज घालायचे. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. फिकट. वांग्यासारखी गडद झाली असेल तर बहुधा किरणांखाली ठेवून मुद्दाम केलेली असते. शिशाच्या काचेत हा रंग सहसा येत नाही, म्हणजे 'जांभळं सँडविच फ्लिंट' (फ्लिंट म्हणजे शिशाचीच काच) हे वाक्य आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं.

शोकेस

उत्तम. आता मातीकडे वळायचं का? निळ्या फुलांच्या राखाडी बरण्या बघितल्या की घरच्या लोणच्याच्या बरणीची आठवण होते, पण सारख्या दिसत असल्या तरी हा प्रकार वेगळा असावा.

खापर

बराच वेगळा. आपल्या बरणीला ओतीव झिलई असते, यांना मिठाची.

स्टोनवेअर म्हणजे मोठ्या आचेत भाजून दगडासारखं घट्ट झालेलं भांडं. त्याची माती सगळीकडे मिळत नाही. पूर्व किनाऱ्यावरची सगळ्यात चांगली न्यू जर्सीत साउथ अँबॉयच्या परिसरात. मॅनहॅटनमध्ये क्रोलियस आणि रेमी या जर्मन घराण्यांनी अठराव्या शतकात हा धंदा बसवला. व्हर्माँटमधल्या बेनिंग्टनला नॉर्टन घराण्याने १७९३ मध्ये कुंभारकाम सुरू केलं खरं, पण ही माती तिथे नव्हती. ती हडसन नदीतून बोटीने ट्रॉयपर्यंत आणि पुढे गाडीतून आणावी लागे. तरी धंदा १८९४ पर्यंत टिकला.

कच्च्या, चामड्यासारख्या घट्ट झालेल्या भांड्यावर कोबाल्ट ऑक्साइड आणि मातीचा घोळ ब्रशने किंवा छोट्या तोटीच्या डबीने लावायचा. एवढ्या आचेत टिकणारा भरवशाचा रंग हाच. म्हणून सगळं निळं. तो महाग, म्हणून फूल दोन फटकाऱ्यांत उरकलेलं. भट्टी १२०० ते १३०० अंशांवर आली की वरच्या भोकांतून ओंजळीओंजळीने मीठ आत टाकायचं. मीठ फुटतं, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी मिळून थेट भांड्याच्या अंगावर काच तयार करतं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर बाहेर पडतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा होतो. आच कमी असताना मीठ टाकलं तर झिलई धरत नाही, कोरडा पांढुरका थर बसतो.

आता गंमत बघा. भांडी एकावर एक रचलेली असतात, त्यामुळे मिठाची वाफ आत शिरत नाही. आतलं अंग कोरडं राहू नये म्हणून आधीच ऑल्बनीजवळची एक तपकिरी माती पातळ करून आत फिरवायचे. ती त्याच आचेत स्वतःच वितळून चॉकलेटी झिलई होते. बाहेर राखाडी, आत चॉकलेटी, ही एकोणिसाव्या शतकातली ओळख. बाहेरून मीठ आणि आतूनही तीच संत्र्याची साल असेल तर ते भांडं उघडं भाजलंय. मग जुन्या रचाईच्या खुणा शोधा. तोंडावर गोल चट्टे, बाजूला दुसरं भांडं चिकटून तुटल्याचा व्रण, भट्टीच्या कमानीवरून टपकलेला हिरवट-तपकिरी थेंब. संग्राहक यांना दोष मानत नाहीत, मीही नाही.

अंगावरचा आकडा गॅलनचा. २ म्हणजे साडेसात लिटर. शिक्का वाचता आला तर काळ ठरवणं सोपं: 'जे. अँड ई. नॉर्टन' म्हणजे १८५० ते १८५९, 'ई. अँड एल. पी. नॉर्टन' म्हणजे १८६१ ते १८८१.

दुरुस्ती ओळखायला अंधारात अतिनील टॉर्च फिरवा. एपॉक्सी आणि नवा रंग बहुधा वेगळा चमकतो. आणि बोटाच्या पेराने वाजवा. आपल्याकडे माठ घेताना वाजवतात तसंच. भद्द वाजला तर तडा.

निरांजन

लाल मातीच्या पिवळ्या रेघांच्या थाळ्या राहिल्या. त्यात जेवण वाढायला काय हरकत आहे? दोनशे वर्षं लोक जेवलेच की.

खापर

जेवले आणि आजारीही पडले. १७८५ मध्येच फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने शिशाच्या झिलईविरुद्ध लेख छापला होता आणि त्याऐवजी स्टोनवेअर वापरा म्हटलं होतं. धोका कळत होता, पण लाल माती दारात मिळायची आणि हजार अंशांच्या आसपास भाजून भागायचं.

थाळी करायची रीत अशी. माती पोळीसारखी लाटायची. पांढऱ्या मातीचा घोळ एका मातीच्या कपात. कपाला हंसाच्या पिसांच्या पोकळ नळ्या बसवलेल्या, तीन नळ्या असतील तर एका हातात तीन समांतर नागमोडी रेघा. घोळ थोडा सुकला की रेघा ठोकून पोळीत बसवायच्या, मग पोळी उपड्या साच्यावर पसरायची आणि काठ दातेरी चाकाने कापायचा. करंजीचं कातणच समजा. वर शेंदूर किंवा मुरदाडशिंगाची (हाही शिशाचाच ऑक्साइड) झिलई, तीही फक्त आतून. झिलई पारदर्शक असते, पांढरी माती तिच्याखाली पिवळी दिसते. हिरवं दिसलं तर तांबं, काळं-तपकिरी दिसलं तर मँगनीज. पेनसिल्व्हेनियातले जर्मन कुंभार पांढरा थर खरवडून खालची लाल माती दाखवत ट्यूलिप आणि पक्षी काढायचे, वर जर्मन म्हण लिहायचे.

व्हिनेगर, लिंबू, टोमॅटो, चिंच यात शिसं उतरतं, आणि तांब्याचा हिरवा असेल तर अधिकच. कोरडे बदामही ठेवू नका. भिंतीवर लावा. पाण्यात बुडवायचंही नाही: मागची बाजू उघडी असते, पाणी पिते, आणि सुकताना आतले क्षार झिलई पापुद्र्यासारखी उचलतात.

माजघर

दक्षिणेकडच्या भांड्यांवर कविता लिहिलेल्या असतात असं वाचलंय. त्याबद्दल कुणी लिहील का?

खापर

डेव्हिड ड्रेक. साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डचा गुलाम कुंभार. सही नुसती 'डेव्ह'. तिथे मीठ महाग, म्हणून झिलई लाकडाची राख, वाळू आणि माती यांची. हिरवी ते तपकिरी, ओघळलेली, काकवीसारखी. १८३४ मध्ये त्या राज्याने गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने बंद केलं, आणि हा माणूस त्यानंतरही ओल्या मातीवर सही, तारीख आणि दोन ओळींचं यमक कोरत राहिला. १८५९ चा त्याचा एक रांजण ४० गॅलनहून मोठा आहे, म्हणजे दीडशे लिटर. एवढी माती एका दमात चाकावर उठत नाही. बुड चाकावर, त्यावर मातीच्या जाड वळ्या चढवत नेऊन पुन्हा चाकावर समतल करायचं. मोठ्या भांड्यात हात घातला तर वळ्यांचे सांधे बोटांना लागतात. त्याच्या एका यमकात आपली सगळी नातीगोती कुठे गेली, असा प्रश्न आहे. तेवढं एक वाचल्यावर झिलईबद्दल बोलायचं सुचत नाही.

तांबट

धातूवर मी लिहितो. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं तांबं, अँटिमनी, आणि हलक्या मालात शिसं. वसाहतीत जुनं प्यूटर इतकं कमी का सापडतं? कारण ब्रिटनने कच्च्या कथलावर कर लावलेला आणि तयार भांडी करमुक्त. मग इथल्या कारागिराने करायचं काय, तर जुनी वाकडी भांडी मोडीत घेऊन वितळवायची. साचे पितळेचे, भयंकर महाग, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरायचे. घाट जुना दिसतो म्हणून भांडं जुनं, हा तर्क त्यामुळे चालत नाही.

ओतलेली थाळी लेथवर खरवडायची आणि काठाखालचा वळणाचा भाग हातोड्याने ठोकून कडक करायचा. पालथी घालून तिरप्या उजेडात बघा, ठोक्यांच्या रांगा दिसल्या पाहिजेत. शिक्का स्वातंत्र्यानंतर गरुडाचा. 'लंडन' असा शिक्का असला तरी भांडं अमेरिकन असू शकतं. गिऱ्हाइकाला इंग्लिश माल हवा असायचा, म्हणून काही जण तसाच ठसा मारायचे.

१८२०-३० नंतर ब्रिटानिया आलं: शिसं नाही, पातळ पत्रा लाकडी साच्यावर फिरवून वळवलेला. मॅसॅच्युसेट्समधलं टॉन्टन हे त्याचं गाव. चहादाणी हलकी आणि आत बारीक गोल रेघा असतील तर हेच.

दोन सूचना. प्यूटर गॅसजवळ ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्या आसपास. आणि ओकच्या बंद कपाटात ठेवू नका. ओकमधून आम्लाची वाफ निघते आणि शिसंवाल्या प्यूटरवर पांढरी पूड जमते. लोक त्याला थंडीने होणारा 'कथलाचा रोग' म्हणतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

माजघर

कागदावर घासून बघतात ते?

तांबट

राखाडी रेघ उठली तर शिसं बरंच आहे. नाही उठली म्हणून नाहीच, असं नव्हे. जुन्या प्यूटरमधून काही प्यायचं नाही, एवढं पुरे.

चांदीचं थोडक्यात. इथे इंग्लंडसारखी सरकारी तपासणी नव्हती (बाल्टिमोरमध्ये १८१४ ते १८३० एवढीच), म्हणून ठसा फक्त कारागिराच्या नावाचा. सिंह-मुकुट असलेले चार ठसे दिसले तरी हुरळू नका. ते बऱ्याचदा इंग्लिश ठशांची नुसती नक्कल. 'कॉइन' लिहिलं असेल तर साधारण ९०० ची चांदी. ९२५ रुळली ती १८६० च्या दशकापासून. लोक नाणी देऊन त्यांची भांडी करून घ्यायचे: चोरीला गेली तर नाण्यावर नाव नसतं, भांड्यावर असतं. पॉल रिव्हियर या बॉस्टनच्या चांदीच्या कारागिराचा १७६८ चा 'सन्स ऑफ लिबर्टी' वाडगा बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये आहे. मॅसॅच्युसेट्सच्या ज्या ९२ आमदारांनी राजाचं ऐकायला नकार दिला त्यांच्या गौरवासाठी तो केला. घाट मात्र चिनी मातीच्या वाडग्याचा. आज लग्नात भेट देतात ते 'रिव्हियर बाउल' त्याचेच वंशज.

पितळी मेणबत्तीदाणीवर तोंडाची वाफ सोडा. अठराव्या शतकात बुंधा बऱ्याचदा दोन अर्धुकं ओतून डाख लावून जोडलेला असे. वाफेत ती उभी रेघ क्षणभर उमटते. तांब्याच्या किटलीत आत कल्हई असावी आणि बुडाच्या सांध्याला दात्यात दाते अडकवलेले दिसावेत. पेनसिल्व्हेनियातल्या तांबटांचं नाव कडीवर असतं. चिंच, मीठ, ब्रासो यांचा मारा केला की आधी ते नाव जातं. आपल्या घरी चिंच लावतो म्हणून इथे लावू नका.

शोकेस

रंगवलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रेबद्दल? फुलं आहेत, पण मध्यातून आडवा सांधा आहे. दुरुस्ती समजायची का?

तांबट

नाही, चांगली खूण आहे. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा वेल्समधून यायचा आणि एक ताव साधारण १० बाय १४ इंचांचा. त्याहून मोठा ट्रे करायचा तर सांधा देणं भागच. कनेक्टिकटमधल्या बर्लिन गावात १७४० च्या सुमारास हा धंदा सुरू झाला आणि फेरीवाल्यांनी तो दारोदार नेला. काळा रंग म्हणजे डांबरासारखा अ‍ॅस्फाल्टम टर्पेंटाइन-व्हार्निशमध्ये विरघळवून, थर देऊन भट्टीत भाजलेला. तो पत्र्याला घट्ट धरत नाही. ओलं फडकं नको, स्पिरिट तर अजिबात नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची आणि थांबायचं.

काचबांगडी

साफसफाई निघालीच आहे तर काचेचं सांगते. डिकँटर (दारूची काचेची सुरई) आतून धुरकट असेल तर आधी साधं व्हिनेगर रात्रभर. क्षार असतील तर निघतात. नाही निघाले तर ती काच 'आजारी' आहे: वर्षानुवर्षं पाणी किंवा दारू आत राहून काचेतला अल्कली बाहेर ओढला गेलाय. ते धुण्याने जात नाही. विकणारे आत तेल फिरवतात, पंधरा दिवस झकास दिसतं. म्हणून घेण्याआधी आत बोट घालून चोळा, मग बोटाचा वास घ्या.